मुळशीचे कैदी आणि येरवड्याचा वेत

मुळशी सत्याग्रहाचा इतिहास आपण धरणाचा इतिहास म्हणूनच वाचत आलो आहोत. टाटांची वीज कंपनी, मुळा-निळा संगम, पाण्याखाली गेलेली पन्नासच्या आसपास गावे, सेनापती बापट आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा, एवढ्यात तो आटोपतो. धरण झाले, मावळे हरले, असा निकाल देऊन आपण पान उलटतो. पण या लढ्याची एक वाट येरवड्याच्या तुरुंगात गेली. कैद्याच्या शरीरावर सरकारचा हक्क किती, हा प्रश्न तिथे उभा राहिला आणि त्या बाबतीत मात्र सरकारला थोडे मागे सरकावे लागले.

या वाटेची सुरुवात घराघरांतून झाली. त्या वेळचा मुळशी पेटा म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आणि खाली आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली ही खाचरे घेतली जाणार होती. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरू लागले. ते वर्गणी किंवा मत मागत नव्हते. प्रसंगी तुरुंगात जाण्याची तयारी मागत होते. तुरुंगात जाणे ही ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नामुष्की समजली जात होती, त्या घरांकडून ही मागणी होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सुमारे बाराशे मावळे कामाच्या जागी जमले आणि काम थांबले. यावरून त्या पायपिटीचे फळ कळते.

तिची मर्यादाही नोंदवायला हवी. पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्या मालकीची झाली होती. कसणारा आणि मालक वेगळे असल्यामुळे नुकसानभरपाई मिळणार म्हटल्यावर सावकारांना जमीन सोडणे फायद्याचे वाटले. कुळाचे दार उघडले, सावकाराचे उघडले नाही. पुढे काम पुन्हा सुरू झाले तेव्हा विरोध करणाऱ्यांची धरपकड होऊ लागली. त्यांत बायकाही होत्या.

कायद्याच्या लेखी हे सत्याग्रही साधे गुन्हेगार होते. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला नेमून दिलेले काम पुरे करावेच लागे. ते केले नाही तर 1894 चा तुरुंग कायदा लागू होई. या कायद्याने अधीक्षकाला तीस फटक्यांपर्यंत शिक्षा देण्याचा अधिकार दिला होता. वेत किमान अर्धा इंच जाड असावा, फटके कुल्ल्यांवर मारावेत, आधी डॉक्टरने कैदी तंदुरुस्त असल्याचा दाखला द्यावा, एवढे सगळे कायद्यात लिहिलेले होते. मात्र आरोपाची चौकशी करणारा आणि शिक्षा ठरवणारा अधिकारी एकच होता. तिथे न्यायालयही नव्हते आणि वकीलही नव्हता.

1923 च्या मध्यात मुळशी पेट्यातील काही कैद्यांना काम टाळल्याबद्दल येरवड्यात फटके मारण्यात आले. त्यावरून कैद्यांनी उपोषण आरंभले. गांधीजी मार्च 1922 पासून त्याच तुरुंगात होते. ही बातमी कळताच त्यांनी अधीक्षकांना पत्रे लिहिली आणि या कैद्यांच्या प्रतिनिधींना भेटू द्यावे असा आग्रह धरला. अखेर दास्ताने आणि शंकरराव देव यांच्याशी त्यांची भेट झाली आणि उपोषण सुटले. गांधीजींची भूमिका दुहेरी होती. सत्याग्रहीने तुरुंगात गेल्यावर काम टाळू नये, हे त्यांनी कैद्यांना पटवले. काम टाळले म्हणून माणसाला फटके मारणे रानटीपणाचे आहे, हे त्यांनी सरकारला सांगितले. सरकारची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय फटके मारू नयेत, असा हुकूम त्यानंतर निघाला. तुरुंग अधिकाऱ्यावर हल्ला झाला तर मात्र ही अट नव्हती. सुटकेनंतर 1924 मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलेल्या तुरुंगातील अनुभवांत गांधीजींनी ही हकिगत दिली आहे.

या हुकमाचे मोल फुगवून सांगण्याचे कारण नाही. कायद्याचे कलम जागच्या जागीच राहिले. न्यायालयाने द्यायची फटक्यांची शिक्षा रद्द व्हायला 1955 साल उजाडले. शिवाय मुळशीकर घराबाहेर पडले ते भातखाचरांसाठी, तुरुंगसुधारणेसाठी नव्हे. तरीही एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर असलेला वेत वरच्या परवानगीला बांधला गेला, हा फरक लहान नव्हता. 1919-20 च्या तुरुंग समितीने कैदी सुधारण्याची भाषा कागदावर केली होती. येरवड्यातला हा बदल मात्र फटके खाल्लेल्या आणि उपाशी राहिलेल्या माणसांमुळे झाला.

डिसेंबर 1924 मध्ये बापटांनी कामगारांची गाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तिथे लढा संपला. धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहाकडे वाहू लागले. 1930 मध्ये हजारो सत्याग्रही तुरुंगांत गेले तेव्हा तुरुंगात कसे वागावे आणि कशापुढे वाकू नये, याचा विचार मुळशीच्या कैद्यांच्या निमित्ताने आधीच होऊन गेला होता. मुळशीच्या हिशेबात जमिनीच्या खाती तोटाच लिहावा लागतो, पण या नोंदीलाही तिथे जागा असायला हवी.