आधी चाल, मग गोळी, मग तलवार: बर्डीच्या टेकडीचा हिशेब

मंडळी, या वीकांताला थोडा इतिहास आणि थोडा खेळ. खापरखेड्याकडून कोराडीमार्गे नागपुरात शिरलं की पुढं बर्डी लागते. पाटीवर सीताबर्डी, आम्हा लोकांच्या तोंडी नुसती बर्डी. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला इथल्या दोन टेकड्यांवर लढाई झाली. आप्पासाहेब भोसल्यांकडे 18 ते 20 हजार माणूस आणि पस्तीसेक तोफा. समोर लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम चौदाशे. तरी हरले भोसले. का? "फितुरी" किंवा "नशीब" ही आपली ठरलेली उत्तरं. मला उत्तर सापडतं ते टेबलावरच्या युद्धखेळात.

शिशाचे नाहीतर प्लास्टिकचे सैनिक, मोजपट्टी आणि फासे घेऊन खेळतात तो हा खेळ. त्यातला मूळ प्रश्न एकच: एका पाळीत सैनिकानं काय काय करायचं? चालायचं, लांबून मारायचं, की जाऊन भिडायचं? एच. जी. वेल्सनं 1913 मधे 'लिटल वॉर्स' लिहिलं. त्यात पायदळ एका पाळीत एक फूट जातं, घोडदळ दोन फूट. तोफ मात्र एकतर हलवा नाहीतर डागा, दोन्ही नाही. शिवाय तिच्याजवळ चार माणसं नसली तर ती मुकी. वॉरहॅमरमधेही आधी चाल, मग नेमबाजी, मग हातघाई असा क्रम असतो. म्हणजे बघा, पल्ला, वेग आणि धार यांची अशी वाटणी की तिन्ही एकाला एकदम मिळत नाहीत. ज्याला ती एकामागून एक नीट जोडता येतात, तो जिंकतो.

आता हा नियम बर्डीला लावू. 26 च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्री उशिरापर्यंत चालला, पहाटे परत पेटला. नुसतं लांबून मारणं. धाकट्या टेकडीवरची शिबंदी त्यात झिजत गेली, पण टेकडी पडली नाही. सकाळी भोसल्यांचे अरब वर चढले, हातघाईनं टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे फिरवली. गोळी, चाल, तलवार आणि परत गोळी! उत्तम जोडणी. त्या क्षणी इंग्रजांचं काही खरं नव्हतं.

पण पुढची पाळी कुणाची? भोसल्यांचे स्वार आणि उरलेलं पायदळ चहूकडून जवळ सरकत होतं. सरकणं वेगळं आणि तुटून पडणं वेगळं. त्या मधल्या वेळात बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन कॅप्टन फिट्झजेराल्ड खालच्या मैदानात घुसला. स्कॉटनं परवानगी नाकारली होती, यानं ती जबाबदारी स्वतःवर घेतली असं सांगतात. समोरचे स्वार उधळले, दोन तोफा हाती लागल्या. तेवढ्यात धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. गोंधळ उडाला आणि मोठ्या टेकडीवरचे शिपाई संगिनी लावून धावले. टेकडी परत गेली. अरब पुन्हा जमू लागले तर कॉर्नेट स्मिथची तुकडी टेकडीला वळसा घालून त्यांच्या बगलेवर आली. दुपारपर्यंत खेळ खलास. इंग्रजांची मेलेली आणि जखमी मिळून 367 माणसं गेली, म्हणजे चारातला एक.

आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सांगायचं तर दोन कामं बरोबर होती, पण त्यांच्यामधे जी फट राहिली तिथं तिसरा घुसला. आळीपाळीच्या खेळात ही फट दिसतच नाही, कारण समोरचा आपली पाळी संपेपर्यंत हात बांधून बसतो. प्रशियाच्या राइसविट्झनं हे ओळखलं होतं. 1824 च्या त्याच्या युद्धखेळात एक पाळी म्हणजे दोन मिनिटं. दोन्ही बाजू पंचाकडे हुकूम द्यायच्या आणि चाली एकाच वेळी व्हायच्या. बर्डीनंतर फक्त सात वर्षांनी!

स्फोट हे नशीब, मान्य. फासा कधी उलटा पडतोच. पण तो पडला तेव्हा संगिनी लावलेली माणसं हाकेच्या अंतरावर तयार होती, आणि भोसल्यांचे स्वार आधीच पांगले होते. संख्या होती, तोफा होत्या, अरबांची छाती तर होतीच. नव्हता तो एकाचं काम संपताच दुसऱ्याला पुढं काढणारा हात. आणखी एक, ज्यांच्या संगिनींनी टेकडी परत घेतली तेही बहुतेक मद्रासचे देशी शिपाईच. म्हणजे माणसांच्या जातकुळीतही उत्तर नाही.

16 डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, पुढच्या वर्षी गादीही गेली. 1853 मधे तिसरे रघूजी वारल्यावर राज्यच खालसा झालं. एवढं सगळं त्या सकाळच्या फटीतून निसटलं. असो. बर्डीचा पट कुणी टेबलावर मांडलात, तर भोसल्यांची बाजू घ्या आणि धाकटी टेकडी हाती आली की स्वार थांबवू नका.