गाडीतला पाणाड्या

मोटारीचा इतिहास लिहिणारी मंडळी बहुधा उन्हाळ्यात लिहायला बसत असावीत. त्यांच्या ग्रंथांत इंजिनाला मानाचं पान असतं, टायरांची वंशावळ असते, दिव्यांवर स्वतंत्र प्रकरण असतं. पण पावसाळ्यात गाडीच्या आत पाणी कुठून येतं, या प्रश्नाला ग्रंथकार शिवतसुद्धा नाहीत. वास्तविक माणसाने पहिलं छप्पर घातलं त्याच दिवशी गळतीचा इतिहास सुरू झाला. घराचं छप्पर निदान एका जागी उभं राहून गळतं. गाडीचं छप्पर ताशी साठ किलोमीटर वेगाने गळतं आणि वर त्याला पेट्रोल लागतं.

ज्यांचं आयुष्य सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मधल्या रस्त्यावर गेलं, त्यांना हा विषय टाळता येत नाही. मुळात हे घर एकच. १९४९ साली आजूबाजूची संस्थानं विलीन झाली, तेव्हा जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन वाटे पडले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. वाटणीच्या वेळी ढगांना कोणी विचारलं नसावं. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जत-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास, तोही त्याची मर्जी असेल तर! त्यामुळे आमच्याकडे पाण्याचे जाणकार दोन प्रकारचे. पश्चिमेकडचा छपरं शाकारून पाणी बाहेर ठेवणारा, आणि पूर्वेकडचा पाणाड्या. हा तळहातावर नारळ ठेवून नाही तर हातात दुबेळकं घेऊन माळावर फिरतो आणि ‘हितं खांदा’ म्हणून सांगतो. नारळाला पाणी कळतं की नाही, हा वाद शास्त्रज्ञांनी घालावा. मला एवढंच म्हणायचं आहे की गाडीतली गळती शोधायला हे दोन्ही जाणकार एकाच माणसात असावे लागतात.

आता थोडा इतिहास. अगदी सुरुवातीच्या मोटारींना छप्परच नव्हतं, त्यामुळे गळतीचा प्रश्नच नव्हता. नदी गळते अशी तक्रार कोणी करत नाही. पुढे कॅनव्हासचं हूड आलं. ते पाऊस थांबवत नसे, फक्त गाळून देत असे. मग बंद गाड्या आल्या. पण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांतल्याही बहुतेक गाड्यांच्या टपाचा मधला भाग लाकडी चौकटीवर ताणलेल्या मेणकापडासारख्या कापडाचाच असायचा. एवढा रुंद अखंड पत्रा आणि तो एका दाबात घडवणारं यंत्र, दोन्ही दुर्मीळ. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी टप दिला, तेव्हा कुठे मोटारीच्या डोक्यावर खरंखुरं छप्पर आलं.

काचेची गोष्ट आणखी मजेची. समोरच्या काचेवरचं पाणी पुसण्यासाठी अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी १९०३ साली वायपरचं पेटंट घेतलं. चालकाने आत बसून दांडा हलवायचा आणि बाहेर काच पुसली जायची. कल्पना नामी. पण आतला दांडा बाहेर न्यायचा म्हणजे मध्ये भोक आलं. अजूनही जुन्या गाडीत वायपरच्या खुंटीपाशी पाणी झिरपतं. पाणी पुसायची सोय केली आणि त्याच सोयीने पाणी आत आलं, असं मनुष्यजातीच्या इतिहासात बरेचदा झालेलं आहे.

आपल्याकडे १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर एस.टी. सुरू झाली. त्या पहिल्या बेडफर्ड गाड्यांच्या बॉड्या लाकडी आणि बैठका काथ्याच्या. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं; म्हणजे जूनमध्ये पहिली सर येते तेव्हा सगळे सांधे उन्हाने उघडलेले आणि सर संपते तेव्हा मिटलेले. पुढे पुण्याजवळ दापोडीच्या कार्यशाळेत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या बॉड्या होऊ लागल्या. पत्र्याला लाकडाचा लहरीपणा नाही. पण तो रिव्हेट मारून जोडावा लागतो, आणि रिव्हेट म्हणजे काय? आधी पाडलेलं भोक आणि नंतर दिलेला भरवसा. एका टपावर असे शेकडो भरवसे असतात. रस्त्याच्या धक्क्यांनी त्यांतला एखादा ढिला झाला की पाण्याला तेवढा पुरतो.

समोरची काच जुन्या गाड्यांत रबराच्या पट्टीत बसवलेली असायची. हे रबर आमच्याकडे आठ महिने उन्हात अभ्यास करतं आणि चार महिने पावसात परीक्षा देतं. आठ-दहा वर्षं पास होतं. मग कडक होतं, कोपऱ्याला चिरतं आणि नापास होतं.

इतक्या विद्वत्तेची मला गरज का पडली, ते सांगतो. १९८६ साली आम्ही एक जुनी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, म्हातारपणी कोण गळत नाही? गाडी घेतली ती हौसेसाठी नव्हे. आईला दमा होता आणि दर महिन्याला साताऱ्याहून मिरजेला न्यावं लागे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून आमच्या मुलखात कोणाचं दुखणं हटेना झालं की घरातली वडील माणसं म्हणतात, “आता मिरज गाठा!” तर आम्ही मिरज गाठत होतो. कऱ्हाड, पेठनाका, आष्टा, सांगली, मिरज.

आई पुढे डाव्या बाजूला बसायची. जुलैच्या फेरीत कऱ्हाडला पाऊस लागला आणि पेठनाक्याला तिच्या पायांशी पाणी साचलं. आई म्हणाली, “अरे, कृष्णामाईला भेटायला मी प्रीतिसंगमावर जात असते. ती गाडीत कशाला आली?” त्या वेळी आम्ही हसलो. रात्री भिजलेल्या पायांनी ती पहाटेपर्यंत बसून खोकत होती, तेव्हा कोणी हसलं नाही. ऑगस्टची तारीख जवळ आली तशी ती म्हणायला लागली, “या महिन्यात राहू दे. बरं वाटतंय मला.” आयांना बरं कधी वाटतं, हे मुलांना चांगलं ठाऊक असतं.

मग तज्ज्ञ जमले. गाडीचे आधीचे मालक भेटायला आले आणि आपण खिडकीच्या रबरात मेणबत्तीचं मेण भरत असू, ही गुप्त विद्या देऊन गेले. शेजारी एक सेवानिवृत्त ओव्हरसियर राहत. आयुष्यभर धरणावर काढलेली असल्यामुळे त्यांना एकच औषध ठाऊक: बुजवा! त्यांनी स्वतः डांबर आणून गाडीच्या पोटाखाली दिसेल ते भोक लिंपून टाकलं. मामेभावाने काचेभोवती लांबी भरली. प्रत्येक उपचाराबरोबर पाणी वाढत गेलं. सांगलीला कृष्णेचं पाणी १९२९ सालच्या आयर्विन पुलाच्या खुणेवर मोजतात. चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीसला धोका. आमच्या धाकट्याने गिअरच्या दांड्याजवळ फूटपट्टी उभी केली आणि सकाळ-संध्याकाळ पातळी जाहीर करू लागला.

शेवटी सांगलीच्या एका बोळातल्या मिस्त्रींचं नाव कोणीतरी सांगितलं. मिस्त्री मूळचे जतकडचे. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं, “आत्तापातूर काय काय लावलंय हिला?” मी मेणापासून डांबरापर्यंत यादी म्हटली. ते म्हणाले, “म्हंजे रोगी ऱ्हायला बाजूला, आता आवशीदंच काढाय पायजेत.” मग आईची जागा दाखवत मी म्हटलं, “पाणी इथे पडतं.” त्यावर मिस्त्री जे बोलले ते इतिहासाच्या प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून ठेवावं. “सायेब, पानी कुटं पडतंय त्ये कुनीबी सांगंल. कुटनं निगालंय त्ये बगाय पायजे.”

त्यांची रीत अशी. मॅट आणि त्याखालचं तागाचं अस्तर काढून जमीन कोरडी पुसली. तिच्यावर वर्तमानपत्रं पसरली, कारण कागद पहिला थेंब कुठे पडला ते लपवत नाही. डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्यावर खडूची पूड भुरभुरली. पाण्याचा ओघळ आला की पांढऱ्यात काळी वाट उमटते. मला टॉर्च देऊन आत बसवलं, दारं लावली आणि त्यांचा भाचा बाहेरून नळीने पाणी सोडू लागला. तेही टपावर नाही. आधी खाली, दाराच्या उंबऱ्याशी, मग दाराच्या कडेला, मग खिडकीला, मग काचेला. एकेक जागी दहा-दहा मिनिटं, आणि धार बारीक. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या फटींवरून वाहतं आणि चोर कोण, साक्षीदार कोण, काही कळत नाही. खालून एकेक जागा निर्दोष सोडत वर जायचं. पोलिसांनीही ही पद्धत घेण्यासारखी आहे.

दार निर्दोष सुटलं. काचेचं रबरही सुटलं. नळी काचेच्या खालच्या जाळीवर आली आणि चौथ्या मिनिटाला खडूच्या पुडीत एक काळी रेघ सरपटत आली. मी आतून ओरडलो. एखाद्याला विहिरीला पाणी लागल्यावर होत नसेल एवढा आनंद मला झाला.

त्या जाळीतून आत हवा येते. हवेबरोबर पाऊस येणारच, हे गाडी बनवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून जाळीखाली एक पन्हळ असते आणि तिचं पाणी खाली सोडायला एक नळी. आमच्या पन्हळीत दोन पावसाळ्यांचा कडुलिंबाचा पाला कुजून बसला होता आणि नळीचं खालचं तोंड ओव्हरसियरसाहेबांच्या डांबराने बंद केलं होतं. पन्हळ भरली की पाणी हवेच्या वाटेने आईच्या पायांशी उतरायचं. मिस्त्रींनी डांबर खरवडलं, तार घालून पाला ओढला आणि गाडीखालून काळी धार भळभळ वाहू लागली. नवीन काही लावलं नाही, काही बुजवलं नाही. वीस रुपये घेतले आणि म्हणाले, “पानी अडवून गाडी कोरडी ऱ्हात न्हाई. वाट दिली की ऱ्हाती. धरनाला सुदीक सांडवा आस्तोयच की!”

हे वाक्य डोक्यात घेऊन मी पुढे कितीतरी गाड्या पाहिल्या. गाडीचं दार घ्या. खिडकीची काच जिथे दारात उतरते तिथून पाणी दारात शिरतंच आणि ते शिरावं असंच दार बनवलेलं असतं. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि दाराच्या तळाला छोटी भोकं. ती चिखलाने बंद झाली की दाराची टाकी होते आणि पत्रा आतून गंजतो. हल्लीच्या वातानुकूलित गाडीत यंत्राच्या थंड अंगावर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. तिची नळी तुंबली की भर मे महिन्यात पाय भिजतात आणि माणूस आकाशाकडे बघतो. आणि हल्ली टपाला सरकती काच असते. पूर्वी टपाला भोक पडलं की लोक रडत, आता जादा पैसे मोजून पाडून घेतात. त्या काचेच्या कडेनेही थोडं पाणी येतंच. तिच्याभोवती पन्हळ असते आणि कोपऱ्यांतून नळ्या खाली उतरतात. पाला तोच, तारही तीच. फक्त बिलात वीसच्या पुढे बरीच शून्यं आलेली आहेत.

कासच्या तलावाचं पाणी डोंगराच्या कडेकडेने साताऱ्यात उतरलं ते उताराच्या जोरावर. वाट दिली की पाणी शहाण्यासारखं चालतं, हे आमच्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. आई सप्टेंबरपासून पुन्हा मिरजेला येऊ लागली. मात्र मिस्त्रींवर पूर्ण विश्वास असूनही पुढची दोन वर्षं ती गाडीत जुन्याच चपला घालून बसायची.

या सिद्धान्ताला एकच अपवाद आहे, तोही सांगलीनेच दाखवला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या वेळी सांगलीतल्या गाड्यांत पाणी वरून आलं नाही. दाराच्या तळाची भोकं, जमिनीची भोकं, जी जी पाणी बाहेर सोडायला ठेवलेली होती, त्यांतूनच ते आत आलं. भोकाला आत-बाहेर कळत नाही; ज्या बाजूला पातळी जास्त, तिकडून ते वाहतं. पूर ओसरल्यावर गल्लोगल्ली लोकांनी गाड्यांच्या सीटा काढून उन्हात वाळत घातल्या होत्या, पापडासारख्या. गाडीची नळी तारेने मोकळी होते, पण तिच्यातून निघालेल्या पाण्याला बाहेर जागा असावी लागते. ओढ्यांवर, नाल्यांवर घरं चढवून आपण गावाच्या नळ्या बुजवत चाललो आहोत आणि तिथे वीस रुपयांत खरवडून देणारा मिस्त्री अजून कोणाला सापडलेला नाही. ओव्हरसियर मात्र हवे तेवढे आहेत.