दुबळ्या तारेचा इतिहास

घरातील दिवे एकाएकी मालवले की गृहस्थाची नजर प्रथम मीटरजवळच्या फ्यूजकडे वळते. तेथील तार जळालेली दिसते आणि तोंडातून उद्गार निघतो, "ही फारच लेचीपेची, जरा जाड तार घालावयास हवी." हा उद्गार घरगुती विजेइतकाच जुना असावा. परंतु ती तार कोणाच्या चुकीने दुबळी राहिलेली नाही. ती दुबळी असावी याचसाठी तिची योजना झाली आहे.

या योजनेमागील नियम साधा आहे. तारेतून प्रवाह वाहू लागला की तार तापते. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखवून दिले की ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट आणि तिप्पट झाला तर नऊपट. भिंतीत दडलेली तार अशी तापली, तर प्रथम तिच्यावरचे वेष्टन करपते आणि मग शेजारचे लाकूड पेट घेते. फ्रान्समधील ब्रेगे यांनी १८४७ साली तारायंत्राच्या कचेऱ्यांसाठी एक उपाय सुचविला. बाहेरून येणाऱ्या तारेत एक बारीक तुकडा ठेवावा, म्हणजे वीज कोसळली असता तो तुकडा वितळेल आणि आतील यंत्रे वाचतील. थोडक्यात, एकाने जळावे व बाकीच्यांनी तगावे.

हीच युक्ती घरगुती दिव्यांच्या रक्षणासाठी योजून एडिसनने १८८० साली तिचे पेटंट घेतले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील त्याचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा सुमारे ४०० दिवे उजळले. त्या काळी एका दिव्याला एक अँपियरच्या आतबाहेर प्रवाह पुरे. त्यामुळे घराची विजेची गरज म्हणजे दिव्यांची संख्या, इतका हिशेब सोपा होता.

पुढे मात्र घरात इस्त्री आली, शेगडी आली, पाणी तापविण्याचे यंत्र आले आणि शीतकपाटही आले. तारा होत्या त्याच राहिल्या; त्यांच्याकडून मागितले जाणारे काम तेवढे वाढले. अमेरिकेतील जुन्या घरांत ३० अँपियरची जोडणी सर्रास असे. फ्यूज वारंवार उडू लागले, तेव्हा लोकांनी दोन आडवाटा शोधल्या. कोणी पंधराच्या जागी तीस अँपियरचा फ्यूज बसविला, तर कोणी फ्यूजच्या मागे तांब्याचे नाणे सरकवून दिले. दिवे लागले, घरात समाधान पसरले. पण पहारेकऱ्याला झोपविले गेले होते. पंधरा अँपियरपुरत्या तारेतून आता तीस अँपियर वाहिले तरी कोणी अडविणार नव्हते, आणि तारेतील उष्णता मात्र चौपट होणार होती. यावर उपाय म्हणून पुढे असे फ्यूज निघाले, की लहान फ्यूजच्या खोबणीत मोठा फ्यूज बसतच नाही.

दुसरी सुधारणा जर्मनीतील मानहाइम येथे झाली. तेथील श्टोट्झ यांच्या कारखान्याने १९२४ साली घरगुती सर्किट ब्रेकरचे पेटंट घेतले. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. भार वाढला की ती तापून वाकते आणि प्रवाह तोडते. तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकदम उसळला, तर विद्युच्चुंबक तेच काम क्षणार्धात करतो. येथे तार जळत नाही. कळ पुन्हा वर केली की झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या फ्यूज-पेट्या काढून १०० आणि पुढे २०० अँपियरच्या पेट्या बसविण्याचा प्रघात पडला. ओल लागून गंजलेली वा सैल सांध्याने करपलेली पेटी बदलणे भागच असते. आणि बदलायचीच, तर मोठी का नको, हा विचारही रास्त आहे. परंतु पेटीवरचा आकडा म्हणजे वाढीव विजेची सनद नव्हे. रस्त्यावरून येणारी केबल, मीटर, मुख्य स्विच व जमिनीत गेलेली अर्थिंगची तार ही सारी त्या आकड्यास पुरी पडली पाहिजेत. खोल्यांतील तारा जुन्याच असतील, तर नव्या पेटीतही त्यांचे ब्रेकर जुन्याच मापाचे हवेत. मोठ्या पेटीचा खरा लाभ असा, की अवजड यंत्रांना स्वतंत्र आणि जाड तारा देता येतात.

मुंबईचा या कथेशी जुना संबंध आहे. पर्ल स्ट्रीटवर दिवे लागले त्याच १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेच्या दिव्यांचा करार झाला. परंतु पुढल्याच वर्षी कंपनी बुडाली आणि बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळला. १९०५ साली शहरात वीज पुरविणारी कंपनी उभी राहिली, आणि १९१५ साली खोपोलीची जलविद्युत मुंबईस पोहोचली. घरोघर चिनी मातीचे फ्यूज आले. पंखा व चार दिवे यांपुरत्या ओढलेल्या तारांवर पुढे गीझर आणि वातानुकूलन यंत्रे चढली, आणि जळालेल्या फ्यूजमध्ये तांब्याच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून घालण्याची विद्या येथेही आपोआप अवगत झाली.

म्हणून मोठी पेटी बसविण्यापूर्वी जाणत्या वायरमनला एकच प्रश्न आधी विचारावा, "भिंतीतील तार किती सोसेल?" या प्रश्नाच्या उत्तराहून मोठा फ्यूज कोणत्याही घराला परवडणारा नाही. दिवा मालविणारा फ्यूज अंधार करतो खरा, पण त्या अंधारात घर शाबूत असते.