चंद्राआड गेलेला तारा

चंद्र दिसला की ईद, हे आम्ही लहानपणापासून जाणतो. आज गोष्ट सांगायची आहे ती चंद्राने झाकलेल्या एका वस्तूची.

५ ऑगस्ट १९६२. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथली ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण चंद्राकडे रोखलेली होती. केंब्रिजच्या तिसऱ्या यादीतला २७३ क्रमांकाचा रेडिओस्रोत चंद्राआड जाणार होता. लहरी येतात ती नेमकी जागा सांगणं तेव्हा फार अवघड. चंद्राची कड मात्र कोणत्या क्षणी कुठे असते, हे काटेकोर ठाऊक होतं. लहरी तुटल्या तो क्षण टिपला, की जागा सापडली! ही सिरिल हॅझर्ड यांची युक्ती. चंद्र इतका खाली होता, की दुर्बीण नेहमीच्या मर्यादेखाली वाकवावी लागली.

त्या जागी निघाला कन्या राशीतला एक साधासा निळसर तारा. फेब्रुवारी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात मार्टिन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटाचं कोडं सोडवलं. रेषा हायड्रोजनच्याच, पण जवळजवळ १६ टक्क्यांनी तांबड्या टोकाकडे सरकलेल्या. म्हणजे हा तारा नव्हेच. दोनशे कोटी प्रकाशवर्षांपलीकडून येणारं, अख्ख्या दीर्घिकेला फिकं पाडणारं तेज! जुनी छायाचित्रं तपासली, तर सत्तरहून अधिक वर्षं तो त्यांत होता आणि त्याचं तेज कमीजास्त होत होतं. इतक्या लवकर बदलणारी वस्तू लहानच असणार. एवढ्याशा जागेत एवढा उजेड कुठून?

१९६४ मध्ये साल्पीटर आणि झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे दिशा दाखवली; १९६९ मध्ये लिंडेन-बेल यांनी ती पुढे नेली. दीर्घिकेच्या गाभ्यात प्रचंड वजनाचं कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू आधी भोवऱ्यासारखा फिरतो, घर्षणाने तापतो, तळपतो. प्रकाश गिळणाऱ्याच्या दारातच सर्वांत लख्ख प्रकाश! आपल्या आकाशगंगेतही ४० लाख सूर्यांच्या वजनाचं विवर आहे. त्याला खाद्य कमी, म्हणून ते शांत. २०१९ मध्ये एम ८७ दीर्घिकेतल्या विवराची सावलीच जगाने पाहिली.

२००८ मध्ये कावली पारितोषिक श्मिट आणि लिंडेन-बेल यांना मिळालं. जागा दाखवणारे हॅझर्ड त्यात नव्हते.

पण उटीला एका डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण आहे. चंद्राआड जाणारे असेच स्रोत टिपण्यासाठी गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी ती १९७० मध्ये उभी केली. पुढे त्यांनीच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी उभारली. पारितोषिकाच्या यादीत नसलेली ती युक्ती आपल्याकडे अशी रुजली.