जासईच्या रस्त्यावरून मालदीवला जाणारा कांदा

जासईच्या नाक्यावर उभं राहून न्हावा-शेवाकडे जाणारे कंटेनर मोजायला घेतले, तर थोड्याच वेळात कंटाळा येतो. आत काय आहे, कुठं चाललंय, काही कळत नाही. एप्रिल २०२४ मध्ये मात्र एका मालाचा पत्ता कळला. देशात कांद्याची निर्यातबंदी असताना केंद्र सरकारने मालदीवला ३५,७४९ टन कांदा पाठवायला परवानगी दिली. सोबत तांदूळ, कणीक, साखर, अंडी. हा माल ज्या चार ठिकाणांहूनच पाठवायचा होता, त्यांत आपलं न्हावा-शेवा एक.

नेमकं त्याच वेळी मालदीवचं सरकार भारतीय सैनिकांना परत पाठवत होतं. मग ही मेहेरबानी कशी काय?

मी इथं नेहमी किनाऱ्यालगतच्या भूजलावर लिहिते, म्हणून सुरुवात पाण्यापासूनच करते. मालदीवची बेटं प्रवाळांची, समुद्रापासून जेमतेम दीडेक मीटर उंच. पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. त्यामुळे जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. उपसा जास्त झाला की खालचं खारं वर येतं. खाडीचा बांध फुटल्यावर शेताचं काय होतं, हे उरणकडच्या माणसाला सांगायला नको. तिथं तर अख्खा देशच अशा जमिनीवर आहे. धान्य, भाजी बहुतेक बाहेरूनच येते. राजधानी मालेत समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात. ४ डिसेंबर २०१४ ला त्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाची विमानं पाणी घेऊन उतरली, मागोमाग नौदलाचं 'सुकन्या' जहाज पोचलं.

त्याआधी, ३ नोव्हेंबर १९८८ ला, भाडोत्री बंडखोरांनी मालेवर हल्ला केला होता. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले आपले छत्रीधारी सैनिक तिथं उतरले. बंड मोडलं. पण गयूम तेव्हा एकाच उमेदवाराच्या मतदानावर निवडून येत. अनेक उमेदवारांची पहिली अध्यक्षीय निवडणूक व्हायला २००८ उजाडलं. तीत मोहम्मद नशीद जिंकले आणि गयूम यांची तीस वर्षांची सत्ता संपली.

इथून चित्र बदललं. एका माणसाची सत्ता असते तेव्हा त्याला पटवलं की शेजाऱ्याचं काम होतं. लोकशाहीत मतदार विचारतो, 'करारात काय लिहिलंय ते दाखवा.' भारताने दिलेली हेलिकॉप्टरं मुख्यतः रुग्णांना दूरच्या बेटांवरून हलवत. तरी ती चालवायला आलेले सैनिक संशयाचा विषय झाले. २०२१ मध्ये उथुरु थिलाफल्हू इथल्या तटरक्षक बंदराचा करार झाला, पण त्याचा मजकूर सरकारने लोकांपुढे ठेवला नाही. 'इंडिया आउट' मोहिमेला आयतंच कोलीत मिळालं. एप्रिल २०२२ मध्ये अध्यक्ष सोलिह यांनी त्या मोहिमेवरच बंदी घातली. म्हणजे मोठ्या शेजाऱ्याशी मैत्री जपताना घरच्या लोकांचं तोंड बंद केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये मुइझ्झू जिंकले आणि १० मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परतले. त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ आले.

कांद्याचं तसं झालं नाही, कारण त्यामागे १९८१ चा व्यापार करार आहे. दर वर्षी किती माल द्यायचा ते ठरतं आणि जाहीर होतं. संबंध सगळ्यात बिघडलेल्या त्या वर्षीचा कोटा १९८१ पासूनचा सर्वात मोठा होता. माझ्या मते यातून शिकण्यासारखं एवढंच : लहान देशाला मोठ्याची मदत हवीच असते, पण ती उघड आणि लेखी असली तर तिथलं सरकार बदललं तरी टिकते. झाकून केलेली मदत पुढच्या निवडणुकीत बुडते.

दुसरी बाजूही आहे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. मालदीवचा वाटा करारात लिहिलेला होता, आपल्या शेतकऱ्याचा कुठंच नव्हता. ही गोष्ट जासईला नवी नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर कुठं साडेबारा टक्के भूखंडाची गोष्ट कागदावर आली. १९८९ मध्ये सुरू झालेलं बंदर याच भागातल्या जमिनींवर उभं आहे.

मालेतला मतदार कागद मागतो, तेव्हा काही जणांना तो कृतघ्न वाटतो. आपल्या आजोबांनीही तेच मागितलं होतं.