कानाचं मशीन घेण्याआधी: ऑडिओलॉजिस्ट कसा निवडाल?

कमी ऐकू येऊ लागलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "मशीन केवढ्याला मिळतं?" मग कुणीतरी एखादं दुकान सुचवतं, कधी शिबिराचं पत्रक हाती येतं आणि मशीन कानात बसतं. पुष्कळ घरांत तेच मशीन काही महिन्यांनी डबीत पडून असतं. "आजोबांना ते मानवत नाही," असं आपण म्हणतो. खरं तर बऱ्याचदा मधला एक माणूस वगळलेला असतो. तो माणूस म्हणजे ऑडिओलॉजिस्ट. हा व्यवसाय कसा जन्मला हे कळलं, की त्याच्याकडून काय मागायचं तेही कळतं.

युद्धातून आलेलं शास्त्र

पूर्वी डॉक्टर कानाशी कुजबुजून किंवा नादकाटा वाजवून ऐकण्याचा अंदाज घेत. १९२० च्या दशकात विजेवर चालणारे ऑडिओमीटर आले आणि किती ऐकू येतं हे आकड्यांत मोजता येऊ लागलं. पण मोजल्यानंतर पुढे काय?

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धाने शोधायला लावलं. तोफा आणि स्फोटांमुळे श्रवणशक्ती गमावलेले सैनिक मोठ्या संख्येने परतले. अमेरिकेत बटलर इथल्या डेशॉन लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी त्यांच्यासाठी काम केलं. सैनिकाची तपासणी व्हायची, वेगवेगळी यंत्रं लावून कोणत्या यंत्राने बोलणं जास्त समजतं हे पडताळलं जायचं आणि त्यानंतर काही आठवडे ऐकण्याचा व ओठांवरून बोलणं ओळखण्याचा सराव दिला जायचा. म्हणजे मोजणं, जुळवणं आणि शिकवणं या तिन्ही गोष्टी सुरुवातीपासूनच या कामात होत्या. मशीन हा त्यातला एक भाग होता.

पुढे अमेरिकेतल्या ऑडिओलॉजिस्टांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना नफ्यासाठी यंत्रं विकायला मनाई केली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हा नियम टिकला. आता तपासणारा आणि विकणारा बहुतेकदा एकच असतो. त्यात गैर काही नाही, पण प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आपल्याकडे

१९६५ मध्ये म्हैसूरला वाक् आणि श्रवण विषयाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. त्याच दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयातही हे शिक्षण सुरू झालं. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. शिकलेली माणसं तयार होऊ लागली, तरी कुणीही पाटी लावावी अशी स्थिती होती. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेला, म्हणजे आरसीआयला, वैधानिक दर्जा मिळाला आणि ऑडिओलॉजिस्टची नोंदणी बंधनकारक झाली.

मग तुम्ही काय विचाराल?

१. "तुमचा आरसीआय नोंदणी क्रमांक काय?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. बीएएसएलपी ही इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी असते. एका वर्षाची पदविका घेतलेले सहायक आणि दुकानातले विक्रेते वेगळे.

२. "तपासणी कुठे होणार?" ती आवाजबंद खोलीत व्हायला हवी. वर्दळीच्या दुकानात केलेल्या चाचणीवर विसंबू नका.

३. "बोलणं किती समजतं, हे तपासणार का?" नुसती 'टीं-टीं' ऐकवून भागत नाही. तुमच्या भाषेतले शब्द ऐकवून पाहायला हवेत.

४. "ऑडिओग्रामची प्रत मिळेल का?" तो कागद तुमचा आहे. तो घेऊन दुसऱ्याचं मत घेता येतं.

५. "मशीन घेतल्यावर पुन्हा कधी यायचं?" पहिल्या काही आठवड्यांत आवाज दोन-तीनदा जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी वेगळे पैसे लागतात का, काही दिवस वापरून पाहता येतं का, हे आधीच ठरवा.

मशीनपूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवा. कधी नुसता मळ असतो, कधी पडद्याला छिद्र. ऐकणं अचानक कमी झालं, कान वाहतो आहे, चक्कर येते किंवा एकाच कानाने कमी ऐकू येतं, तर थांबू नका. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराचे पहिले काही दिवस मोलाचे असतात.

शेगावकरांना अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रेल्वेने जवळ पडतं. तिथल्या कान-नाक-घसा विभागात किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल, तर केंद्राच्या एडीआयपी योजनेतून यंत्र मिळू शकतं. त्याबद्दलही तिथेच विचारा.

जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या. "टीव्हीचा आवाज किती मोठा असतो" आणि "फोनवर काय ऐकू येत नाही" हे आजोबांपेक्षा नातीलाच जास्त ठाऊक असतं. हे सगळं ऐकून घ्यायला जो वेळ देतो, त्या ऑडिओलॉजिस्टसाठी थोडं लांब जावं लागलं तरी जा.