दोन डोळे, एक दृष्टी

दरवर्षी थंडीच्या दिवसांत शाळेची मुले घेऊन मी लोणारला जातो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मास्तराची ही पंढरीच म्हणावयाची. विवराच्या काठावर उभे राहिले की समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खोलगा पसरतो. तळाशी खारे पाणी, भोवती दाट झाडी. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली. पुष्कळ जाणते लोक त्याला ज्वालामुखीचे तोंडच समजत आले होते. १९७३ साली खडकांच्या पुराव्यावरून ठरले की, ही आकाशातून पडलेल्या अशनीची करणी. पाहणारे डोळे तेच. पाहिलेल्याचा अर्थ मात्र बदलला.

परवाच्या खेपेस मी मुलांना म्हणालो, "एक डोळा झाका. खोली कमी झाली का?" कोणालाही तसे वाटले नाही. मग प्रत्येकाने दोन हातांत दोन पेन्सिली धरून, हात लांब करून, टोकाला टोक भिडवावयाचे. दोन्ही डोळ्यांनी सहज जमले. एक डोळा मिटताच टोके चुकू लागली आणि एकच हशा पिकला.

यातली मेख अशी. आपल्या दोन डोळ्यांत अंतर असते ते साधारण साडेसहा सेंटिमीटर. जवळची वस्तू उजव्या डोळ्याला थोडी निराळी दिसते, डाव्याला थोडी निराळी. मैलभर दूरच्या काठाबाबत हा फरक जवळजवळ उरत नाही. तेथे मेंदू सावल्या, धूसरपणा, झाडांचा लहानमोठेपणा यांवरून अंदाज बांधतो, आणि त्याला एक डोळाही पुरतो.

दोन डोळ्यांना दोन चित्रे दिसतात, हे दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याला ठाऊक होते. पण पुढे शतकानुशतके पंडितांना कोडे पडे ते असे की, चित्रे दोन असता वस्तू एकच का दिसते? न्यूटनने १७०४ साली तर्क केला की, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंपैकी निम्मे वाटेत एकमेकांना ओलांडतात आणि दोन्ही चित्रांची उजवी बाजू मेंदूच्या एका भागात एकत्र येते, डावी दुसऱ्या भागात. तर्क मुळात बरोबर निघाला. परंतु खरा उलगडा १८३८ सालचा. लंडनचे प्राध्यापक चार्ल्स व्हीटस्टन यांनी दोन आरसे बसवून प्रत्येक डोळ्यापुढे एकेक रेखाचित्र ठेवले. ना रंग, ना छाया. केवळ रेषा, त्याही किंचित वेगळ्या. तरी पाहणाऱ्याला कागदातून घनाकृती उठून आली! म्हणजे दोन डोळ्यांतला बेबनाव ही अडचण नव्हेच. त्या बेबनावातूनच मेंदू खोली घडवतो.

आणि हे घडवणे त्याला बालपणीच शिकावे लागते. अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवला. टाके काढले तेव्हा डोळा निकोप होता, पण मेंदूने त्याची दखल घेणे सोडले होते. मोठ्या मांजरांवर असा परिणाम झाला नाही. १९८१ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सारे मी पुस्तकांतून वाचले, पण कळले ते त्या दिवशी, काठावर. सारी मुले हसत असता सहावीतली एक मुलगी पेन्सिली धरून गप्प उभी होती. म्हणाली, "गुरुजी, मला एका डोळ्यानंबी तसंच, दोन्हीनंबी तसंच."

तिचा डावा डोळा तिरळा. ती पहिलीत आली तेव्हा तिच्या आईने मला विचारले होते, "गुरुजी, डॉक्टरला दाखवू का?" आजी म्हणत होती, तिरळा डोळा भाग्याचा. मी तसे म्हणालो नाही. मी अधिक शहाणा! मी म्हणालो, "वाढत्या अंगाबरोबर होईल सरळ." माझ्या शब्दावर ती माउली पाच वर्षे थांबली.

सहलीहून परतल्यावर मी स्वतः त्यांच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसेल. चांगला डोळा रोज काही तास झाकून दुसऱ्याला कामाला लावू, थोडा गुण येईलही. पण सात-आठ वर्षांच्या आत आणली असती तर कितीतरी अधिक आला असता. आई माझ्याकडे पाहून काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता पहिलीत नवे मूल आले की, हजेरीत नाव लिहिण्याआधी मी त्याचा एकेक डोळा तळहाताने झाकतो आणि समोरच्या भिंतीवरल्या पोपटाची चोच कोणीकडे आहे ते विचारतो.